होडी रस्त्यानं गेली तो हिवाळा

यंदा थंडी उशिरा आली. मुंबईची थंडी ती काय, असं म्हणून पुण्याची माणसं हसतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण आमच्या शीव कोळीवाड्यात ती आल्याचं बरोबर कळतं. सकाळी गच्चीवर गेलं की कठड्याला हात लावताना बोटं आखडतात. खाली कुणीतरी कालच्या भाताला फोडणी देत असतं आणि तो वास नेहमीसारखा पांगून न जाता तिथंच घुटमळतो. चेंबूरच्या बाजूनं धुरकं येतं आणि समोरच्या टॉवरांचे वरचे मजले पुसले जातात. त्या धुरक्यात धुकं किती आणि सिमेंटची धूळ किती, हे आता सांगता येत नाही. मी डोळे अर्धवट मिटते. मग खालचे मजलेही हळूहळू विरघळतात, त्यांच्या पायाशी उभ्या गाड्या जातात, कुंपणं जातात, आणि जिथं काही उरायला नको तिथं पाणी चमकायला लागतं.

आमच्या गावाचं नावच शीव. शीव म्हणजे वेस, हद्द. मुंबई इथं संपायची. माझे आजोबा दादरला निघाले तरी "मुंबैला जाऊन येतो" म्हणायचे आणि धुतलेलं धोतर नेसायचे. गिरगावात राहणाऱ्या लोकांना शीव म्हणजे रानावनातलं काही वाटायचं. त्यांच्याकडे लग्नाला गेलो तर ते विचारत, तुमच्याकडे कोल्हे येतात का हो? येत असत. मिठागरांच्या बाजूनं हिवाळ्यात कोल्हेकुई ऐकू यायची, मी ती स्वतः ऐकली आहे. मग शहर वाढत वाढत वेशीपर्यंत आलं, वेस ओलांडून पुढं गेलं, मुलुंडला गेलं, ठाण्याच्या पार गेलं. हद्द मात्र होती तिथंच राहिली. आता ती शहराच्या ऐन मध्यावर आहे. हद्दीवर राहणारी माणसं न हलता मध्यावर आली. त्यांना हलवायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. पण ती गोष्ट एका हिवाळ्याची आहे.

तेव्हा मी अकरा-बारा वर्षांची असेन. गावाच्या पूर्वेला आमचं खळं होतं. खळं म्हणजे मासळी सुकवायची मोकळी जागा, शेणानं सारवून गुळगुळीत केलेली. दिवाळी झाली की शिमग्यापर्यंत तिथं जवळा पसरलेला असायचा, करंदी असायची, बांबूंवर बोंबील टांगलेले असायचे. सकाळचं कोवळं ऊन पडलं की सगळं खळं गुलाबी-चंदेरी दिसायचं. शाळेतून येताना मी डोळे मिटून घर गाठू शकायचे. वास जसजसा दाट होई तसतशी पावलं आपोआप वळत.

खळ्याच्या पलीकडे कॅम्प होता. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या लोकांना सरकारनं लष्कराच्या जुन्या बराकींमध्ये जागा दिली होती, ती वस्ती. मी जन्मले तेव्हा ती माणसं येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी गावात त्यांना अजून "नवीन लोक" म्हणत. त्यांच्या बायका हिवाळ्यात डाळीच्या वड्या घालायच्या आणि त्या वाळवायला त्यांना खळ्यासारखी उन्हाची जागा दुसरी नव्हती. सुरुवातीला यावरून भांडणं झाली होती म्हणे. त्यांना आमच्या जवळ्याचा वास सोसायचा नाही आणि आमच्या बायकांना त्यांच्या खाटा मध्ये आलेल्या खपायच्या नाहीत. मग केव्हातरी एका दुपारी अवचित पाऊस आला, सगळ्याच बायका धावल्या, आणि जिला जे हाताशी लागलं ते तिनं उचललं. आमच्या घरात वड्या आल्या, त्यांच्या बराकीत बोंबील गेले. भांडण त्या दिवशी संपलं, असं माझी आय सांगायची. खरं असेल. निदान मी पाहिलेल्या खळ्यात मासळी आणि वड्या शेजारी शेजारी वाळत होत्या आणि कावळे दोघांचे सारखेच हाकलले जात होते.

माझ्या आयचं नाव हिराबाय. ती रोज सकाळी टोपली घेऊन कॅम्पात मासळी विकायला जाई. कॅम्पातल्या एका बाईशी तिचं विशेष जमलं होतं. त्यांना सगळे बीजी म्हणत. त्या विधवा होत्या, उंच, हाडापेरानं मोठ्या, आणि त्यांच्या नाकात आयच्या नथीपेक्षाही लहानशी, ठिपक्याएवढी चमकी होती. त्यांची नात पम्मी माझ्या वयाची. पम्मीचे आईबाप दिवसभर कामाला जात, त्यामुळे पम्मी आमच्याच घरी असायची. ती आमची बोली आमच्याहून ठसक्यात बोलायची. बीजी कोळंबी बेसनात घोळून, ओवा लावून तळायच्या आणि आयला बशीभर द्यायच्या. आय आधी नाक मुरडायची. कोळंबीला पीठ कशाला, म्हणायची. पण बशी कधी भरलेली परत गेली नाही.

आणि बाबा. त्यांचं नाव धर्मा. खाडीत मासेमारी करणारे गावात तेव्हा थोडेच उरले होते. बाकीचे कुणी गोदीत लागले होते, कुणी रेल्वेत. बाबांची होडी लहान होती, आजोबांच्या हातची. भरती आली की ती मिठागरांच्या कडेकडेनं खाडीत जायची आणि पुढच्या भरतीला परतायची. बोईट, कोळंबी, चिंबोऱ्या, जे मिळेल ते. बाबा फार बोलत नसत. घरी आले की पाय धुवायचे आणि उंबऱ्यावर बसायचे. त्यांच्या पायांना सुकलेल्या चिखलाचा वास येई. मला तो आवडायचा.

त्या वर्षी दिवाळीनंतर ट्रक येऊ लागले. खाडीच्या कडेला माती, दगड, पाडलेल्या घरांचा राडारोडा ओतायचे आणि जायचे. तिथं मोठी वसाहत होणार होती, पक्क्या इमारतींची. आम्हा मुलांना गंमत वाटली. त्या मातीत रंगीत फरशांचे तुकडे सापडायचे, बांगड्यांच्या काचा सापडायच्या. पम्मीला एकदा पितळेचं दारावरचं कडं मिळालं होतं. कुणाच्या दारावरचं, ते गिरगावातलं की परळमधलं, कोण जाणे. एकीकडचं घर मोडून दुसरीकडचं पाणी बुजवायचं, शहर असं वाढतं, हे तेव्हा कळण्याचं वय नव्हतं. आम्ही ते कडं वाजवत फिरलो.

बाबा रोज संध्याकाळी तिथं जाऊन उभे राहायचे. पाण्याची वाट आधी अरुंद झाली, मग ओहोटीला बंद पडू लागली. भरतीला अजून निघता येत होतं. गावातल्या जाणत्या माणसांनी जाऊन भरावाचं काम बघणाऱ्या साहेबाला विनवलं की निदान एक वाट ठेवा. साहेब सभ्य होता. त्यानं चहा पाजला आणि म्हणाला, आता इथं मासे पकडण्यात काय उरलंय, तुमच्या मुलांना शाळा मिळेल, दवाखाना मिळेल. त्यात खोटं काही नव्हतं. पुढं त्याच शाळेत मी शिकवलं.

पौषात एका सकाळी बाबा गेले आणि लगेच परत आले. इतक्या लवकर ते कधी येत नसत. पाय न धुताच ते उंबऱ्यावर बसले. आयनं विचारलं तेव्हा म्हणाले, वाट बुजली. होडी आतल्या बाजूला, एका डबक्यात अडकली होती. खाडी भरावाच्या पलीकडे गेली होती.

त्यानंतरचे दिवस मला धुक्यातून पाहिल्यासारखे आठवतात. घरात आवाज कमी झाले होते. बाबा रोज त्या डबक्यावर जाऊन होडीतलं पाणी उपसत, तिला तेल लावत, जणू उद्या निघायचं आहे. डबक्यातलं पाणी रोज थोडं खाली जात होतं. आम्ही मुली काठावर बसायचो. पाण्यात ढग दिसायचे आणि ढगांवर होडी. ती इतकी स्थिर असायची की मला वाटायचं, होडी तिथंच आहे आणि आपणच कुठंतरी चाललो आहोत.

मग वरळीहून मामा आला, आयचा धाकटा भाऊ. वरळीच्या कोळीवाड्यात त्याचं घर होतं, दारात समुद्र होता. त्यानं सरळ सांगितलं की होडी तिकडं आणा आणि तुम्हीही सगळे तिकडं या. घराला घर लागून जागा आहे, उद्या खोली उभी राहील. पोरगी तिकडच्या शाळेत जाईल. इथं आता कोळ्यानं राहून करायचं काय? बाबा ऐकत होते आणि त्यांची मान खाली नव्हती. कितीतरी दिवसांनी त्यांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. आयनं वाढला. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सुक्या मासळीची टोपली घेऊन ती कॅम्पात गेली तेव्हा मी बरोबर होते. बीजी बराकीच्या ओट्यावर उन्हात बसून गाजरं चिरत होत्या. आय टोपली उतरवून त्यांच्याजवळ बसली. मासळीचं काहीच बोलली नाही. गाजरांकडे बघत तिनं विचारलं की बीजी, तुम्ही गाव सोडलंत ते कसं सोडलंत?

बीजींनी सुरी खाली ठेवली. त्या मराठी, हिंदी आणि पंजाबी एकत्र करून बोलत, आणि आयला ते सगळं समजे. त्या म्हणाल्या की थंडी संपत आली होती, रजया वर्षभरासाठी बांधून ठेवायच्या होत्या, म्हणून सकाळी गच्चीवर उन्हात घातल्या होत्या. दुपारी दीर आले आणि म्हणाले, दोन दिवस तालुक्याच्या गावी जाऊन राहू, इथं बरं दिसत नाही. बीजी म्हणाल्या, रजया उतरवून येते. दीर म्हणाले, राहू देत, परत येऊच. एवढंच झालं. पुढं कितीतरी महिने, या कॅम्पात आल्यावरही, ढग आले की त्या उठून उभ्या राहायच्या, रजया भिजतील म्हणून.

मग त्यांनी आयच्या गुडघ्यावर हात ठेवला. मामाचं बोलणं पम्मीकडून त्यांच्या कानावर गेलेलं होतं. "हमको किसीने पूछा नहीं, हिराबाय," त्या म्हणाल्या. "तुला विचारतायत. जिसको पूछते हैं, वो ना बोल सकती है."

आय उठली, टोपली डोक्यावर घेतली. त्या दिवशी मासळी कशी विकली, किती विकली, मला आठवत नाही. पण परतताना ती खळ्यावर थांबली. मामानं वरळीहून आणलेली करंदी पसरलेली होती. तिनं वाकून मूठभर उचलली, चोळून पाहिली, परत पसरली. वाळायला अजून दोन उन्हं लागतील, म्हणाली. मला की स्वतःला, माहीत नाही.

संध्याकाळी बाबा उंबऱ्यावर बसले होते. आय चुलीपाशी होती. तिनं मागं न वळता सांगितलं, "मी नाय यायची. होरी जाऊ दे. तिला पाणी पायजे. मना हितंच पायजे."

बाबांनी मान हलवली. मला वाटलं ते आता काही बोलतील, ओरडतील. त्यांनी पाय जवळ ओढून घेतले. मग त्यांनी विचारलं की होडीबरोबर कुणीतरी जायला हवं ना? आय म्हणाली, जायला हवं. एवढ्यावर त्या दोघांनी आपल्या संसाराची वाटणी केली. त्या वाटणीत राग नव्हता, म्हणूनच ती मोडायला कुणाला जमलं नाही.

होडी न्यायची कशी, हा प्रश्न होता. भरावामुळे खाडीतून जाणं शक्यच नव्हतं. शेवटी दोन लांब हातगाड्या एकामागे एक जोडल्या. होडी डबक्यातून बाहेर काढायला गावचे गडी आले आणि ते कमी पडले म्हणून कॅम्पातले आले. चिखलात ओंडके टाकून त्यांवरून ती ओढली. आमच्या लोकांचा होऽलाऽ आणि त्यांचं जोर लगाके एकमेकांत मिसळेना, त्यामुळे होडी दोनदा वाकडी झाली. मग एका पोक्त सरदारजींनी सगळ्यांना गप्प केलं आणि नुसत्या टाळीवर ओढायला लावलं. टाळी, आणि ओढ. टाळी, आणि ओढ. ती हातगाड्यांवर चढली तेव्हा उन्हं नुकती वर आली होती आणि होडीच्या तळाला लागलेलं शेवाळ हिरवंगार चमकत होतं. तिचं पोट मी पहिल्यांदाच पाहिलं. पाण्यात असताना इतकी लहान वाटणारी होडी जमिनीवर केवढी मोठी दिसत होती.

आय गावाच्या टोकापर्यंत आली. तिनं होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला. बाबांना तिनं भाकरीचं फडकं दिलं. मग तिथूनच ती वळली आणि टोपली घेऊन कॅम्पाकडे गेली, कारण माशांची वेळ होत होती.

मला आणि पम्मीला होडीत बसवलं होतं. बसायची काही गरज नव्हती. पण मामा म्हणाला की पोरींना चालवणार नाही एवढं. बाबांना त्यानं बसायला सांगितलं, पण ते बसले नाहीत. ते होडीच्या बाजूनं, तिच्या काठावर हात ठेवून चालत राहिले. वरळीपर्यंत त्यांनी तो हात काढला नाही.

किंग्ज सर्कलची झाडं मी त्या उंचीवरून आधी कधी पाहिली नव्हती. फांद्या हाताला लागत होत्या. आम्ही होडीच्या कडेवरून खाली बघायचो आणि रस्ता मागं सरकत असायचा, काळा, गुळगुळीत, पाण्यासारखा. माटुंग्याच्या घरांच्या गॅलऱ्यांत माणसं येऊन उभी राहिली. एक आजोबा वर्तमानपत्र हातात घेऊन तसेच बघत राहिले. ओल्या केसांच्या बायका, लुंगीसारखं मुंडू नेसलेले पुरुष, दाढीला साबण लावलेला एक जण. कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. होडी रस्त्यानं जाताना दिसली की माणूस आधी गप्पच होतो.

दादरला चौकात पोलिसानं अडवलं. गाड्या दोन्हीकडे तुंबल्या होत्या. तो तावातावानं आला, होडीभोवती एक फेरी मारली, आणि त्याचा आवाज खाली आला.

"कुठं नेताय ही?" त्यानं विचारलं.

मामा सांगायला पुढं झाला, पण त्याच्या आधी बाबा बोलले. "पाण्यात," ते म्हणाले.

पोलिसानं त्यांच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. आणि एका हातानं दोन्हीकडची रहदारी थोपवून त्यानं आम्हाला वाट दिली.

टिळक पुलाचा चढ होडीला चढेना. माणसं दमली होती. तेव्हा पुलाखालचे भाजीवाले आले, हमाल आले, शाळेत निघालेले मास्तर सायकल कठड्याला लावून आले आणि सगळ्यांनी मागून ढकललं. मी वळून पाहिलं तर होडीमागं नुसते हात दिसत होते. पुलाच्या माथ्यावर पोचलो तेव्हा वारा बदलला. पम्मीनं नाक वर केलं आणि म्हणाली, मासळीचा वास. तो समुद्राचा होता, पण तिला समुद्राचा निराळा वास माहीतच नव्हता.

प्रभादेवीच्या पुढं एका गिरणीची पाळी सुटत होती. भोंगा झाला आणि फाटकातून माणसांचा लोट बाहेर आला, केसांवर, मिश्यांवर कापूस घेऊन. रोज ते घराकडे धावत असतील, त्या दिवशी मात्र थबकले. ते बहुतेक सगळे कोकणातले होते. आमच्याभोवती गर्दी झाली. एक म्हातारा कामगार पुढं आला. त्यानं होडीच्या फळीवर तळवा ठेवला, बोटांनी सांधे चाचपले आणि बाबांना म्हणाला, "माज्या बापाशीक अशीच होती." आणखी काही जणांनी हात लावला. देवळात खांबाला लावतात तसा, जाता जाता. त्यांच्या हातांचा कापूस होडीला चिकटला. वरळीपर्यंत तो वाऱ्यावर थरथरत होता.

संध्याकाळी होडी पाण्यात गेली. ती गेली तेव्हा बाबा तिच्याबरोबर कमरेएवढ्या पाण्यात गेले आणि तिथंच उभे राहिले. सूर्य बुडत होता. समुद्र मी तोवर पाहिला नव्हता असं नाही, पण बाबांना समुद्रात पाहिलं नव्हतं. ते मला अनोळखी वाटले. खाडीच्या काठावर एवढे मोठे दिसणारे बाबा तिथं बोटाएवढे होते. मला रडू आलं. पम्मीनं माझा हात धरला आणि कुणी मारलं का, असं विचारलं.

त्यानंतर आमच्या घराला दोन टोकं झाली. बाबा वरळीला राहायचे, आठवड्यातून एकदा घरी यायचे. येताना मासळी आणायचे, ती आय कॅम्पात विकायची. लोक विचारायचे की नवरा-बायकोचं काही बिनसलंय का. काही बिनसलं नव्हतं. ते यायचे त्या दिवशी आय तांदळाच्या भाकरी करायची आणि कपाळावरचं कुंकू दोनदा पुसून नीट लावायची. फक्त उंबऱ्यावर मी बसायला लागले होते. होडी गेल्यावर आय वरळीला एकदाच गेली, पुढच्या नारळी पुनवेला, होडीची पूजा करायला. पूजा केली, भावाकडे जेवली आणि दुपारच्या बसनं परत आली. मुक्काम केला नाही. तिची भीती मला मोठेपणी कळली. एक रात्र राहिलं तर दुसरी राहावीशी वाटेल, अशी ती भीती होती.

भरावावर वसाहत झाली. इमारती, दिवे, शाळा, दवाखाना. मी शिकले, त्याच शाळेत शिक्षिका झाले. खळं आक्रसत गेलं, आधी एका कोपऱ्यात बालवाडी, मग रिक्षांचा थांबा, मग दुकानं. गावात मद्रासकडची माणसं आली, उत्तरेकडची आली. प्रत्येक वेळी आधी आलेले नंतर आलेल्यांना नवीन लोक म्हणत राहिले. बीजी गेल्या. आय गेली. तिच्या दिवसकार्याला बाबा वरळीहून आले आणि परत गेले नाहीत. होडीचं काय केलंत, मी विचारलं. मामाच्या मुलाला दिली, म्हणाले, फळ्या कुजल्यात, पण एखाद-दोन वर्षं निघतील. एवढं सांगून ते उंबऱ्यावर बसले. मी सरकून जागा दिली.

म्हातारपणी हिवाळ्यात ते रोज सकाळी काठी टेकत वसाहतीत जायचे आणि तिथल्या बागेत बाकावर ऊन खात बसायचे. मला वाटायचं, त्यांना त्रास होत असेल. एकदा त्यांना आणायला गेले तर तळमजल्यावरच्या एक बाई त्यांच्याशी बोलत होत्या. भिंतींना ओल येते, ऐन थंडीतसुद्धा, रंग टिकत नाही, असं गाऱ्हाणं सांगत होत्या. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. घरी येताना रस्त्यात ते थांबले. मला वाटलं दम लागला. "पाणी हाये अजून," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी क्वचितच पाहिलं असेल.

त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. मी निवृत्त झाले. आयचं घर आम्ही नव्यानं बांधलं, वर एक खोली काढली. कॅम्पात बराकींच्या जागी झालेल्या इमारती इतक्या जीर्ण झाल्या की त्या पाडाव्या लागल्या. तिथं उंच टॉवर होणार आहे. केव्हा, ते कुणालाच ठाऊक नाही. माणसं जिथं जागा मिळेल तिथं पांगली. पम्मीचा मुलगा तिला नवी मुंबईला चल म्हणत होता, मोठं घर आहे, लिफ्ट आहे. ती माझ्याकडे आली आणि वरची खोली रिकामी आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, गो, तुला विचारायला काय झालं. ती म्हणाली की टॉवर होईपर्यंत. ठीक आहे, टॉवर होईपर्यंत.

आता आम्ही दोघी सत्तरीच्या आहोत. गुडघे दोघींचे सारखे दुखतात. ती मासे खाते, मी सोडले. सकाळी गच्चीवर ती माझ्याआधी आलेली असते. धुरक्याकडे बघत आम्ही चहा पितो.

परवा दादरला गेलो होतो. तिच्या नातीचं लग्न आहे, साडी घ्यायची होती. दुकानातल्या बाई गोड होत्या, चाळिशीच्या, एकामागून एक साड्या उलगडत होत्या. पम्मीचं मराठी ऐकून त्यांना नवल वाटत होतं. ते आहेच तसं. मध्येच कोळणीचा हेल, मध्येच पंजाबी आघात. शेवटी त्यांना राहवलं नाही आणि त्यांनी विचारलं, "मावशी, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

पम्मी साडीचा पदर उजेडात धरून बघत होती. "शीव कोळीवाडा," ती म्हणाली.

"ते आता राहता तिथलं हो. मूळ गाव विचारतेय मी."

पम्मीनं पदर खाली ठेवला. दुकानाबाहेर संध्याकाळची गर्दी वाहत होती, शेवंतीच्या पाट्या, हाका, हॉर्न. तिला राग आला नव्हता. प्रश्न नीट कळला की नाही, हे ती पडताळून बघत असावी, कारण तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तेच तर सांगते," ती त्या बाईंना म्हणाली. "मूळ तेच."